उंबरठ्याबाहेरची पाकी

टोकियोच्या एडोगावा वॉर्डात निशी-कासाई नावाचा भाग आहे. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून त्यात मराठी घरेही आहेत. मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तिथे राहायला जाणाऱ्याला भाषेच्याही आधी कचऱ्याचे वेळापत्रक शिकावे लागते. जळणारा कचरा ठरलेल्या दिवशी, न जळणारा दुसऱ्या दिवशी, बाटल्या-डबे आणखी वेगळे. प्लॅस्टिकच्या बाटलीचे झाकण व वेष्टन काढून ती विसळायची, रद्दीचा गठ्ठा दोरीने बांधायचा, पिशवी सकाळी ठरलेल्या जागी ठेवायची. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही. शाळेतला वर्गही मुलेच झाडतात, पुसतात.

हे ऐकले की आपण म्हणतो, "त्यांच्या रक्तातच आहे ते." इतिहास तसे सांगत नाही. एडोगावाला लागूनच कोतो वॉर्ड आहे. टोकियोचा कचरा तिथल्या किनाऱ्यावर भर घालायला जाई. १९६५ मध्ये युमेनोशिमा या कचऱ्याच्या बेटावरून माश्यांचे थवे वस्तीत शिरले. १९७१ मध्ये गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरा युद्ध' जाहीर केले. सुगिनामी वॉर्डातले रहिवासी आपल्याकडे कचरा जाळण्याची भट्टी होऊ देईनात, तेव्हा कोतोने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ढकलता येत नाही, हे त्या भांडणातून शहर शिकले. आज युमेनोशिमावर उद्यान आहे. पुण्याच्या कचऱ्याच्या गाड्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी अडवल्या, तेही याच कारणाने.

आता आपल्याकडे पाहू. दिवसातून पाच वेळा नमाजसाठी उभे राहणाऱ्या घराला पाकीचे महत्त्व सांगावे लागत नाही. सात रस्ता परिसरातल्या आमच्या घरांत फरशी दोनदा पुसली जाते, वुजूच्या पाण्याची काळजी घेतली जाते. पण कचऱ्याची पिशवी उंबरठ्याबाहेर गेली की तिची जबाबदारी संपली, असे आपण धरून चालतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाकीला ईमानचा अर्धा हिस्सा म्हटले, हे लहान मुलांनाही पाठ असते. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हीदेखील ईमानची एक शाखा आहे, ही शिकवण मात्र आपण तेवढ्या आवर्जून सांगत नाही. रस्त्यातला काटा उचलणे सदका असेल, तर फुटलेली काच पिशवीत लपवून दुसऱ्याच्या हाती देणे काय ठरेल?

ती पिशवी घंटागाडीवरचा माणूस हाताने उघडतो. आतली काच, इन्सुलिनची सुई, बाळाचे डायपर सगळे त्याच्या हाताला लागते. हा हुकूकुल इबादचा, म्हणजे माणसांच्या हक्काचा प्रश्न आहे. ज्याचा हात कापला त्याची माफी आपण कुठे मागणार? त्याचे नावही आपल्याला ठाऊक नसते.

ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सांगितले होते. आपल्या सोलापुरात तुळजापूर रस्त्यावर ओल्या कचऱ्यापासून गॅस व वीज करण्याचा प्रकल्प उभारला गेला. अशा प्रकल्पाला निवडलेला ओला कचराच लागतो, आणि निवडण्याची सर्वांत सोपी जागा स्वयंपाकघर आहे.

म्हणून काही गोष्टी आजपासून करता येतील. ओट्याजवळ दोन डबे ठेवा. दुधाची पिशवी विसळून सुक्यात टाका. काच जाड कागदात गुंडाळा, सुया झाकणाच्या बाटलीत भरा. पॅड व डायपर कागदात बांधून त्यावर लाल खूण करा. डबे बाहेर नेण्याचे काम मुलग्यांनाही वाटून द्या. कुर्बानीच्या दिवसांत आतडी आणि टाकाऊ भाग गटारीत किंवा कोपऱ्यावर न टाकता पिशवीत बांधून महापालिकेच्या गाडीतच द्या आणि रक्ताची जागा लगेच धुवा. मोहल्ल्यातल्या तरुणांनी ईदच्या आधीच गल्लीनिहाय पाळ्या लावाव्यात. मशिदीच्या इमाम साहेबांनी त्याआधीच्या जुम्याला हा विषय घेतला, तर घरोघरी वेगळे सांगायची गरज उरणार नाही.