मेघसंगणन : सार्वजनिक व खाजगी

मेघसंगणन : गणनशक्ती, साठवणक्षमता व आज्ञावली ही संगणकीय साधने दूरच्या सामाईक साठ्यातून, संगणक-जाळ्यामार्फत, हवी तेव्हा व हवी तितकी पुरविण्याची पद्धती. जाळ्याच्या आकृतीत ज्या भागाचा तपशील दाखवावयाचा नसतो तेथे ढग काढण्याचा प्रघात होता. त्यावरून इंग्रजीत क्लाउड व मराठीत मेघ ही संज्ञा रूढ झाली. हा साठा परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक ग्राहकांना खुला असेल, तर त्यास सार्वजनिक मेघ आणि एकाच संस्थेसाठी राखलेला असेल, तर त्यास खाजगी मेघ म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २०११ मध्ये या संज्ञांच्या व्याख्या निश्चित केल्या. त्यांनुसार समान गरजांच्या संस्थांचा सामुदायिक मेघ व दोन वा अधिक प्रकारांच्या जोडणीने होणारा संमिश्र मेघ हे आणखी दोन प्रकार होत. खाजगी या शब्दाने येथे मालकी नव्हे, तर वापरातील अनन्यता सूचित होते. खाजगी मेघाची यंत्रे संस्थेच्या आवारात असू शकतात, तशीच ती त्रयस्थाच्या जागेत व त्रयस्थाच्या मालकीचीही असू शकतात.

ऐतिहासिक आढावा : वीज वा पाणी यांप्रमाणे गणनशक्तीही लोकोपयोगी सेवा म्हणून पुरविता येईल, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या शताब्दी समारंभात मांडली. एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविण्याची व्हीएम/३७० ही प्रणाली आयबीएम कंपनीने १९७२ मध्ये जाहीर केली. पुढे हेच तंत्र स्वस्त व सर्वसामान्य संगणकांवर आल्यामुळे एका यंत्राची क्षमता अनेकांत वाटून देणे व्यापारी दृष्ट्या शक्य झाले. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण व गणन या सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून सार्वजनिक मेघाचा खरा प्रसार झाला. संस्थेला स्वतःचा मेघ उभारता यावा म्हणून नासा व रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये ओपनस्टॅक ही मुक्त प्रणाली उपलब्ध करून दिली.

खर्चाचे स्वरूप : सार्वजनिक मेघात आरंभीची भांडवली गुंतवणूक जवळजवळ नसते, वापर होईल तेवढेच बिल येते. खाजगी मेघात यंत्रे, जागा, वीज, शीतकरण व तज्ञ कर्मचारी यांवरील खर्च, यंत्रे रिकामी असली तरी चालूच राहतो. त्यामुळे निवड मुख्यतः कार्यभाराच्या चढउतारावर अवलंबून असते. उदा., एखाद्या व्यापारी संस्थेस वर्षातील ३० दिवस १०० व उरलेले ३३५ दिवस २० सर्व्हर लागतात असे समजू. स्वतःच्या सर्व्हरचा दिवसाचा खर्च १ एकक व भाड्याच्या सर्व्हरचा ३ एकके मानू. सर्व सर्व्हर स्वतःचे ठेवल्यास वार्षिक खर्च ३६,५०० एकके येईल. सर्व भाड्याने घेतल्यास प्रत्यक्ष वापर ९,७०० सर्व्हर-दिवसांचा असल्याने खर्च २९,१०० एकके होईल. नित्याचे २० सर्व्हर स्वतःचे ठेवून गर्दीच्या दिवसांपुरते ८० भाड्याने घेतले, तर मात्र खर्च केवळ १४,५०० एकके पडेल. याउलट वर्षभर २० सर्व्हरच लागत असतील, तर स्वतःच्या यंत्रांचा खर्च ७,३०० व भाड्याच्या यंत्रांचा २१,९०० एकके होईल. हे आकडे कल्पित असले, तरी त्यांतून दिसणारे तत्त्व सर्वसाधारण आहे : अनिश्चित वा अल्पकालीन कार्यभारास भाडे परवडते, तर स्थिर व दीर्घकालीन कार्यभारास मालकी.

सुरक्षितता व विश्वसनीयता : स्वतःच्या आवारातील माहिती आपोआप सुरक्षित असते, हा समज बरोबर नाही. मोठ्या पुरवठादारांची संरक्षणव्यवस्था बहुतेक संस्थांना स्वबळावर उभारता येणार नाही इतकी व्यापक असते. मात्र ती व्यवस्था योग्य तऱ्हेने वापरण्याची जबाबदारी ग्राहकावरच राहते. कॅपिटल वन या अमेरिकन बँकेची सार्वजनिक मेघातील माहिती २०१९ मध्ये चोरीस गेली व अमेरिकेतील सु. १० कोटी लोकांस त्याची झळ पोहोचली. संरक्षक आज्ञावलीच्या मांडणीतील दोष हे त्याचे कारण होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दिलेल्या चुकीच्या आज्ञेमुळे साठवणसेवा काही तास बंद पडली आणि तीवर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे ठप्प झाली. खाजगी मेघही अशा संकटांपासून मुक्त नाही. ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या सहा लाखांहून अधिक सभासदांच्या निवृत्तिवेतन निधीचा, गूगलकडे राखून ठेवलेला खाजगी मेघ २०२४ मध्ये मांडणीतील चुकीमुळे संपूर्ण पुसला गेला. माहितीच्या प्रती अन्यत्र, दुसऱ्या पुरवठादाराकडेही, ठेवलेल्या असल्यामुळे ती परत मिळविता आली. मेघ कोणताही असो, त्याबाहेर स्वतंत्र प्रत ठेवणे अपरिहार्य होय.

परावलंबित्व : पुरवठादाराच्या खास सेवांवर आज्ञावली रचल्यास त्याला सोडून जाणे कठीण होते. माहिती आत आणण्यास सामान्यतः शुल्क नसते, परंतु बाहेर नेण्यास असते. यूरोपीय संघाच्या २०२३ च्या माहितीविषयक कायद्याने पुरवठादार बदलण्याचे शुल्क क्रमाने रद्द करण्याची तरतूद केली आहे. खाजगी मेघात हे बंधन केवळ जागा बदलते. ब्रॉडकॉम कंपनीने २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर विकत घेऊन कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबविली, तेव्हा त्या आज्ञावलीवर उभारलेल्या अनेक खाजगी मेघांच्या खर्चाचे गणित बदलले. म्हणून प्रवेशाच्या वेळीच निर्गमनाचा खर्च विचारात घ्यावा लागतो.

कायदा : काही क्षेत्रांत निवड कायद्याने मर्यादित होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देशातील देयक-व्यवहारांची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश दिला. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने (सेबी) २०२३ मध्ये आपल्या नियंत्रणाखालील संस्थांसाठी मेघवापराची चौकट घालून दिली. अशा नियमांनी सार्वजनिक मेघ निषिद्ध ठरत नाही. पण माहिती कोठे आहे, तिची किल्ली कोणाकडे आहे व लेखापरीक्षणाचा अधिकार कोणास आहे, या प्रश्नांची उत्तरे करारात असावी लागतात.

प्रत्यक्ष उदाहरणे : चित्रपट घरपोच दाखविणाऱ्या नेटफ्लिक्स या कंपनीची माहितीप्रणाली २००८ मध्ये बिघडली. त्यानंतर तिने आपले काम ॲमेझॉनच्या मेघात नेण्यास सुरुवात केली व २०१६ च्या आरंभी हे स्थलांतर पूर्ण झाले. तथापि प्रेक्षकांपर्यंत चित्रफिती पोहोचविण्याचे काम ती स्वतःच्याच यंत्रांकडून करून घेते. याउलट ड्रॉपबॉक्स या साठवणसेवेने आपली बहुतांश माहिती ॲमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर आणली आणि त्यामुळे दोन वर्षांत ७.४६ कोटी डॉलरची बचत झाल्याचे २०१८ मध्ये नमूद केले. काही काम मात्र ॲमेझॉनकडेच राहिले. दोन्ही कंपन्यांच्या दिशा विरुद्ध असल्या, तरी निर्णयाची रीत एकच होती : निवड संस्थेची नव्हे, तर प्रत्येक कार्यभाराची केली गेली.

भारतातील स्थिती : राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने मेघराज या उपक्रमाखाली २०१४ मध्ये शासकीय खात्यांसाठी राष्ट्रीय मेघ सुरू केला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे केंद्रे उघडल्यामुळे माहिती देशात ठेवूनही सार्वजनिक मेघ वापरणे शक्य झाले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सार्वजनिक मेघाच्या वापराचे धोरण जाहीर केले. लहान उद्योगास स्वतःचे तज्ञ ठेवणे परवडत नसल्याने त्याचा कल स्वाभाविकपणेच सार्वजनिक मेघाकडे असतो. मोठ्या बँका व उद्योगसमूह यांना बहुधा संमिश्र व्यवस्था सोयीची पडते. मात्र तीत दोन्ही पद्धतींचे तज्ञ व दोन्हींवर देखरेख आवश्यक असल्याने तिचा व्यवस्थापनखर्चही गणितात धरणे जरूर असते.