करंज त्या समुद्रात नव्हतीच

टीव्हीवर ‘द गाझी अटॅक’ लागला की आमच्या उत्रोलीत कुणीतरी ठासून सांगतंच, “आपल्या एस-२१ पाणबुडीनं गाझी बुडवली.” वरंधा घाट उतरल्याशिवाय आम्हाला समुद्र दिसत नाही, त्यामुळे सिनेमात दिसेल तो समुद्र खरा.

एस-२१ हा क्रमांक मात्र खरा आहे. तो ‘आयएनएस करंज’चा. १९६९ साली सोव्हिएत संघाकडून आलेली ही पाणबुडी १९७१च्या युद्धात अरबी समुद्रात पाकिस्तानी किनाऱ्याच्या रोखाने गस्त घालत होती. पाकिस्तानी पाणबुडी गाझी बुडाली ती पार पूर्वेला, विशाखापट्टणमसमोर, ३-४ डिसेंबरच्या रात्री, ९३ जणांसह. पाणबुड्यांची झुंज झालीच नाही. आपलं नौदल श्रेय देतं ते ‘राजपूत’ या विनाशिकेने टाकलेल्या डेप्थ चार्जना, म्हणजे पाण्यात खोलवर फुटणाऱ्या बॉम्बना. पाकिस्तान म्हणतं, आतल्या स्फोटाने किंवा स्वतःच्याच सुरुंगाने बुडाली. ती ज्या ‘विक्रांत’ या आपल्या विमानवाहू जहाजाच्या मागावर होती, ते तेव्हा अंदमानकडे होतं.

दुसरी समजूत अशी, की करंजचे कप्तान विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळालं, म्हणजे त्यांनी जहाज बुडवलंच असणार. तसं नाही. त्या युद्धात आपल्या एकाही पाणबुडीने जहाज बुडवलं नाही. समोरचं जहाज शत्रूचंच आहे अशी खात्री पटल्याखेरीज टॉर्पेडो सोडायचा नव्हता, आणि त्या पाण्यात परदेशी व्यापारी जहाजांची वर्दळ होती. पेरिस्कोपमधून दिसणार ती लाटांवरची एक काळी आकृती. त्यावरून ठरवायचं, आणि बहुतेकदा गप्प राहायचं. मला तर हे टॉर्पेडो सोडण्यापेक्षा अवघड वाटतं. पाणबुडीने जहाज बुडवलं ते पाकिस्तानच्या ‘हंगोर’ने: ९ डिसेंबरला, दीवजवळ, आपली ‘खुकरी’. खुकरीलाही काही जण पाणबुडी समजतात. ती फ्रिगेट होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले.

“पण पाणबुडीतली माणसं महिनाभर पाण्याखाली राहायची ना?” पुतण्याने विचारलं. सलग नाही रे बाबा. करंज डिझेलवर चालायची, आणि खोल पाण्यात बॅटरीवर. बॅटरी उतरली की वर येऊन हवा ओढणारी नळी पाण्याबाहेर काढायची आणि इंजिनं सुरू करायची. म्हणजे शत्रूला सापडण्याची धास्ती तेव्हाच जास्त. लांबी ९१ मीटर, माणसं पंचाहत्तरेक, गोडं पाणी मोजकं. आंघोळीचं नाव काढायचं नाही, अंगाला डिझेलचा वास कायमचा.

आणि सध्याची करंज ती नव्हे. जुनी २००३ साली निवृत्त झाली. नवी करंज मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली, नाव मात्र तेच. १० मार्च २०२१ रोजी ती नौदलात दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते शेखावत. मधल्या काळात ते नौदलप्रमुख होऊन निवृत्तही झाले होते.