शेवटच्या वाटेवरचे दुचाकीस्वार

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात मल्वेन नावाचं एक लहान गाव आहे. ऑगस्ट २००५मध्ये तिथल्या 'अमेरिकन लीजन रायडर्स'च्या शाखेतले मोटरसायकलवाले एका कारणाने पेटून उठले. त्याच राज्यातल्या टोपेका शहरातल्या वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्चचे मूठभर लोक इराकमध्ये मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीबाहेर फलक घेऊन उभे राहत होते. अमेरिका समलिंगी माणसांना थारा देते म्हणून देव तिचे सैनिक मारतो, अशी त्यांची शिकवण. आत मुलाची शवपेटी आणि बाहेर त्याच्या मरणाचा आनंद मानणाऱ्या घोषणा. मल्वेनच्या मंडळींनी ठरवलं की या लोकांशी भांडायचं नाही, फक्त त्यांच्या आणि घरच्यांच्या मध्ये उभं राहायचं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या कल्पनेला देशभराचं रूप आलं आणि 'पेट्रियट गार्ड रायडर्स' ही संघटना उभी राहिली. सदस्य व्हायला वर्गणी नाही, सैन्यात नोकरी केलेली असण्याची अट नाही. मोटरसायकल नसली तरी चालतं. अट एकच, मृत सैनिकाबद्दल आदर हवा.

त्यांची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कुटुंबाने बोलावल्याशिवाय ते जात नाहीत. निमंत्रण आलं की त्या भागातला 'राइड कॅप्टन' घरच्यांशी आणि अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांशी बोलतो, जमायची जागा आणि वेळ कळवतो. निघण्यापूर्वी सगळ्यांना सूचना मिळतात: कोण पुढे, कोण मागे, दोन गाड्यांत अंतर किती, कुठे थांबायचं. शववाहिकेला सोबत करत ताफा प्रार्थनास्थळी पोहोचला की गाड्या बंद होतात. मग दारापर्यंतच्या वाटेवर दुतर्फा माणसं राष्ट्रध्वज उभा धरून रांग लावतात. ऊन असो, बर्फ असो, रांग मोडत नाही आणि कोणी बोलत नाही. निदर्शक आले असतील तर त्यांच्याकडे पाठ फिरवायची, त्यांना उत्तर द्यायचं नाही. घोषणा फारच वाढल्या तर इंजिनांच्या आवाजात त्या बुडवल्याचे प्रसंगही घडले आहेत. पण संघटनेचं खरं बळ तिच्या मौनात आहे.

कायद्याने हा प्रश्न सुटला असता, असं कोणाला वाटेल. मे २००६मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय दफनभूमींजवळच्या निदर्शनांवर अंतराचं आणि वेळेचं बंधन घालणारा कायदा झालाही. मात्र मॅथ्यू स्नायडर या सैनिकाच्या वडिलांनी चर्चविरुद्ध लढवलेला दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मार्च २०११मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी निकाल चर्चच्या बाजूने लागला. सार्वजनिक जागेवरचं ते बोलणं कितीही क्लेशदायक असलं, तरी अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असं न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाला जे थांबवता येत नव्हतं, त्याच्यापासून घरच्यांना आडोसा देणं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती होतं. त्यांनी तो दिला.

पुढे निदर्शकांची धग कमी झाली. रायडर्स मात्र थांबले नाहीत, आणि मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. युद्धात मारल्या गेलेल्या तरुणांसाठी सुरू झालेलं काम म्हाताऱ्या, निवृत्त सैनिकांपर्यंत गेलं. दुसऱ्या महायुद्धात, कोरियात, व्हिएतनाममध्ये लढलेले आणि अखेरीस ज्यांचं जवळचं कोणी उरलं नाही असे सैनिक. अशांच्या अंत्यविधीला ही अनोळखी माणसं जातात आणि नातेवाइकांच्या जागी उभी राहतात.

हे वाचताना आमच्या देवगडकडे पाहावंसं वाटतं. मालवण-देवगडच्या किनारपट्टीला सैन्य नवीन नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीचा जन्म १७६८चा, आणि तिचं केंद्र १९२२पासून बेळगावात, म्हणजे घाट चढला की पलीकडे. कोकणातल्या किती घरांतली मुलं त्या मैदानावर घडली! आंबोलीचे पांडुरंग गावडे मे २०१६मध्ये काश्मीरच्या कुपवाडा जिल्ह्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. वैभववाडी तालुक्यातल्या सडुरे गावाशी नाळ असलेले मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८मध्ये गुरेझमध्ये हुतात्मा झाले. मिरा रोडला त्यांच्या अंत्ययात्रेत लोटलेली गर्दी अनेकांना आठवत असेल. त्यांच्या पत्नी कनिका राणे पुढे स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

हुतात्म्याच्या अंत्ययात्रेत आपल्याकडेही मोटरसायकली असतात. फुलांनी सजवलेल्या लष्करी गाडीपुढे गावोगावचे तरुण निघतात, 'अमर रहे'च्या घोषणा होतात. स्मशानात लष्कराची तुकडी 'शोक शस्त्र' करते, बंदुकांच्या फैरी झडतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतो. शवपेटीवरचा तिरंगा घडी घालून घरच्यांच्या हाती दिला जातो. त्या दिवशी सगळा जिल्हा लोटतो, आणि तसंच व्हायला हवं.

पण बरीच वर्षं पलटणीत काढून सुभेदार किंवा हवालदार म्हणून गावी परतलेला, कलमं राखणारा, ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाला जुनी पदकं लावून येणारा माणूस ऐंशीव्या वर्षी जातो, तेव्हा काय होतं? साधारणपणे त्याच्यासाठी तुकडी येत नाही. मुलं मुंबईला, नातवंडं त्याहून लांब. रात्रीची गाडी पकडून चाकरमानी पोहोचेपर्यंत वाडीतली उरलेली म्हातारी माणसंच लाकडं गोळा करतात. मयताला घरटी एक माणूस जायचा, ही कोकणाची जुनी रीत आहे. आता कुलूप लागलेल्या घरांतून माणूस येणार कुठून?

ही उणीव भरून काढण्याजोगी माणसं आणि साधनं आपल्याकडे आहेत. देवगड, जामसंडे, शिरगाव, तळेबाजार, पडेल, मिठबाव, कुठेही बघा, तरुणांकडे मोटरसायकल आहेच. हे वाहन सैनिकाला परकंही नाही. लष्कराच्या सिग्नल कोरचे डिस्पॅच रायडर मोटरसायकलवरून निरोप पोहोचवत आले. सीमेवरच्या गस्तीसाठी सरकारने रॉयल एनफिल्डच्या बुलेटची मागणी नोंदवली, आणि १९५५मध्ये मद्रासला त्या गाडीची जुळणी सुरू झाली, ती त्याच मागणीपोटी.

एकटा माणूसही किती करू शकतो, हे बंगळूरच्या उमेश गोपीनाथ जाधव यांनी दाखवलं. पुलवामात ४० जवान मारले गेल्यावर या संगीतकाराने आपली मोटार घेऊन त्या सगळ्यांची घरं गाठली. बुलढाणा जिल्ह्यातले संजय राजपूत आणि नितीन राठोड हे त्या ४०पैकी दोघे. सुमारे ६१ हजार किलोमीटरच्या प्रवासात जाधवांनी अंगणाअंगणातली माती गोळा केली, आणि १४ फेब्रुवारी २०२० रोजी, पहिल्या स्मृतिदिनी, ती लेथपोरा इथल्या स्मारकासाठी सुपूर्द केली. कोणी नेमलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते.

मात्र अमेरिकेची रीत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिथे मोटरसायकलींना मोठाले ध्वज बांधतात. आपल्या ध्वजसंहितेने मोटारीवर तिरंगा लावण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्या पदांपुरता ठेवला आहे, आणि वाहनाच्या टपावर, बाजूंवर किंवा मागे तो अंथरायला मनाई केली आहे. पार्थिवावर तिरंगा पांघरण्याची मुभाही केवळ शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीपुरतीच आहे. तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवायचा आणि ध्वज चितेवर जाऊ द्यायचा नाही. म्हणजे निवृत्त सैनिकाच्या तिरडीवर कार्यकर्त्यांनी आपल्या मनाने तिरंगा घालणं हा सन्मान नव्हे, नियमभंग आहे. ध्वज हातात ताठ धरून वाटेवर उभं राहावं, आणि काम झालं की त्याच हातांनी घडी घालून घरी न्यावा. रॅलीनंतर रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते दृश्य इथे नको.

हॉर्न नको, सायलेन्सर काढलेली गाडी नको, विनाहेल्मेट स्वार नको, कोणत्याही पक्षाचा फलक तर नकोच. नांदगाव तिठ्यावर शववाहिकेला गाठून घाटीवळणांच्या रस्त्याने गावापर्यंत शांतपणे सोबत करायची. वाडीत पोहोचल्यावर गाड्या लांब लावून लाकडं वाहायला हात द्यायचा. खांदा द्यायला माणसं कमी असतील तर विचारून खांदा द्यायचा. पलटणीतले जुने सोबती जवळपास असतील तर त्यांना मागच्या सीटवर बसवून आणायचं. नव्वदीतल्या सुभेदाराला शेवटचा सॅल्यूट ठोकायला पंच्याऐंशीतला हवालदार पोहोचला, यापेक्षा मोठी मानवंदना कोणती?

सुरुवात मोठी नको. दर गावातल्या माजी सैनिकांची नावं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या आणि माजी सैनिक संघटनांच्या मदतीने समजून घ्यावीत. ७ डिसेंबरला, ध्वजदिनाच्या निमित्ताने, त्यांच्या घरी जावं, चहा घ्यावा, त्यांनी पाहिलेली युद्धं ऐकावीत. ज्याच्याशी जिवंतपणी बोललो, त्याच्या मयताला गेलो तर घरच्यांना आपण उपरे वाटणार नाही. आणि त्या घरातून 'नको' असं आलं, तर गाडी सुरूसुद्धा करायची नाही. मल्वेनच्या माणसांनी घालून दिलेला हा पहिला नियम देवगडातही पहिलाच राहिला पाहिजे.