भुलेचं ठिबक

१९ एप्रिल २०२१च्या संध्याकाळी सात रिकामे टँकर घेऊन एक मालगाडी कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघाली. देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. घाटात टँकरच्या उंचीची अडचण होती, म्हणून तिला वसई, सुरत, जळगाव असा लांबचा फेरा पडला. सुरत-भुसावळ मार्गाने ही गाडी अमळनेर मागे टाकून धरणगावातूनच पुढे गेली. त्या दिवसांत खान्देशात ज्याच्या त्याच्या तोंडी लिटर होते. पेशंटला मिनिटाला किती लागतो, जंबो सिलिंडर किती तास पुरेल.

कोरोनाची साथ ओसरली आणि हिशेबही विसरला गेला. ऑपरेशन थिएटरात मात्र तो रोज मांडण्यासारखा आहे.

भूल दिलेल्या प्रौढ माणसाचं शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरतं. तरी भुलेच्या मशीनवर वायूचा प्रवाह चार-सहा लिटर ठेवायची सवय जुनी. उरलेला सगळा वायू, त्यात मिसळलेल्या महागड्या औषधासकट, नळीतून बाहेर हवेत जातो. केळीला पाटाने पाणी सोडावं आणि निम्म्याहून जास्त नाल्याला मिळावं, तसं.

ठिबक म्हणजे काय हे जळगाव जिल्ह्याला सांगायला नको. लो-फ्लो भूल हे भुलेचं ठिबक. मिनिटाला एक लिटर किंवा त्याहून कमी. अमेरिकेत फोल्डेस यांनी १९५२मध्ये एक लिटरची पद्धत मांडली, व्हर्च्यू यांनी १९७४मध्ये ती अर्ध्या लिटरवर आणली. उपमा एका ठिकाणी लंगडते. ठिबकचं पाणी परत येत नाही. इथे पेशंटने सोडलेला श्वासच फिरून त्याच्याकडे येतो. ऐकायला कसंसंच वाटतं खरं. पण भुलेचं औषध शरीरात फारसं खर्चच होत नाही. सेव्होफ्ल्युरेनचा दोन ते पाच टक्के भाग शरीर मोडतं, आयसोफ्ल्युरेनचा तर अर्धा टक्काही नाही. बाकीचं जसंच्या तसं उच्छ्वासातून बाहेर येतं.

अडचण उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. तो काढायचं काम चुना करतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ झालेली आठवते ना, तीच ही क्रिया. मशीनच्या पारदर्शक डब्यात सोडा लाइमचे दाणे असतात. त्यात मुख्यतः विरलेला चुना, थोडा कॉस्टिक सोडा, पाणी आणि एक रंग. कार्बन डायऑक्साइड शोषताना ऊब आणि पाणी तयार होतं, डबा हाताला कोमट लागतो. सिलिंडरचा वायू कोरडाठाक असतो. हा ऊबदार ओलावा फुप्फुसांना मानवतो. दाणे दमले की रंग बदलतात, बऱ्याच ब्रँडमध्ये पांढऱ्याचे जांभळे होतात.

कल्पना नवी नाही. कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवणाऱ्या जॉन स्नो यांनी १८५०च्या सुमारास कॉस्टिक पोटॅश वापरून असा प्रयोग स्वतःवर केला होता. राल्फ वॉटर्स यांचा चुन्याचा डबा १९२४चा. मग १९५६मध्ये हॅलोथेन आलं. ते इतकं जोरकस, की मात्रा नेमकी राहावी म्हणून डॉक्टर मोठ्या प्रवाहाकडे वळले. सवय तिथून लागली, आणि कारण सरलं तरी ती राहिली.

भूलतज्ज्ञांचं एक सोपं गणित आहे. प्रवाहाचे लिटर गुणिले औषधाची टक्केवारी गुणिले तीन, की तासाला किती मिलिलिटर औषध लागेल ते कळतं. सहा लिटर प्रवाह, दोन टक्के सेव्होफ्ल्युरेन, म्हणजे ३६ मिलिलिटर. एक लिटरला सहा. सुरुवातीची दहाएक मिनिटं प्रवाह मोठाच लागतो, पुढे औषधाची डायलही थोडी चढी ठेवावी लागते. ते धरूनही सात तासांत संपणारी २५० मिलिलिटरची बाटली पंचवीस-तीस तास पुरते. दीड हजार लिटरचा बी-टाइप ऑक्सिजन सिलिंडर मिनिटाला पाच लिटरने पाच तासांत रिकामा होतो, एक लिटरने पंचवीस तास चालतो. सिलिंडर संपला की गाडी पाठवावी लागते अशा गावाला हा फरक मोठा आहे.

मग सगळेच असं का करत नाहीत? भीती खरी आहे. समजा एक लिटरमध्ये अर्धा ऑक्सिजन, अर्धा नायट्रस ऑक्साइड सोडला. शरीराने पाव लिटर ऑक्सिजन उचलला. उरला पाव लिटर ऑक्सिजन आणि अर्धा लिटर नायट्रस. फ्लोमीटर पन्नास टक्के सांगतो, नळीतलं प्रमाण तेहतिसाकडे घसरत असतं. हे डोळ्यांना दिसत नाही, गॅस मॉनिटरला दिसतं. शिवाय लहान गावांत बेन सर्किट ही श्वासाच्या नळ्यांची जोडणी पुष्कळ वापरतात. हलकं, स्वस्त, पण त्यात चुन्याचा डबाच नाही. तिथे प्रवाह कमी करणं म्हणजे पेशंटला त्याचाच कार्बन डायऑक्साइड पाजणं. आणि चुन्याचेही नखरे आहेत. शनिवार-रविवार ऑक्सिजन चालूच राहिला आणि चुना सुकला, तर काही औषधांशी त्याची क्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत असे प्रकार सोमवारी सकाळीच का होतात, याचा उलगडा यातूनच झाला.

बाहेर सोडलेल्या वायूचं ओझं वातावरणावरही पडतं. डेस्फ्ल्युरेन हे भुलेचं औषध शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजारपट तापवतं. स्कॉटलंडने २०२३मध्ये ते बंद केलं. आपल्याकडच्या लहान थिएटरांत चालणारा नायट्रस ऑक्साइड हवेत शंभरावर वर्षं टिकतो, त्याची मात्र चर्चा होत नाही.

खान्देशात दवाखान्याला देणगी देणारे हात कमी नाहीत. खाटा, पंखे, कूलर, वर दात्याच्या नावाची पाटी. पुढच्या वेळी देण्याआधी तिथल्या भूलतज्ज्ञांना विचारा, थिएटरात गॅस मॉनिटर आहे का. नसेल तर तो द्या. पाटी त्यावरही लावता येते.