कॅटानच्या हौशी पुरवण्या : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्लाउस टॉयबर या जर्मन रचनाकाराचा ‘कॅटान’ हा पटावरचा खेळ १९९५ मध्ये बाजारात आला. मूळ खेळात १९ षटकोनी तुकडे, तीन ते चार खेळाडू आणि दहा गुणांची शर्यत एवढाच पसारा आहे. चाहते त्याला नवे नकाशे, बेटे आणि पत्ते जोडत असतात. अशा हौशी पुरवणीचे नियमपत्रक बहुधा पानभराचे असते आणि वाद सुरू होतात ते त्यात न लिहिलेल्या गोष्टींवरून.

पहिला गैरसमज असा, की पुरवणी आली म्हणजे जुने नियम संपले. प्रत्यक्षात पुरवणी ज्या नियमाला स्पष्टपणे हात घालते तेवढाच बदलतो. जिथे ती गप्प आहे, तिथे मूळ पुस्तिका चालते. नव्या बेटावर वसवलेल्या वस्तीलाही शेजारच्या वस्तीपासून किमान दोन रस्त्यांचे अंतर लागते. विकत घेतलेले डेव्हलपमेंट कार्ड त्याच पाळीत वापरता येत नाही. अपवाद फक्त विजयगुणाच्या कार्डाचा. फाशांवर सात पडल्यावर मालाचे सातपेक्षा जास्त पत्ते असणाऱ्याने निम्मे टाकायचे, हेही कायम. नऊ असतील तर चार जातात, पाच नव्हे.

सर्वाधिक घोळ होतो तो पत्त्यांच्या साठ्याचा. पेढीत पत्ते संपले की चिठ्ठ्यांवर ‘वीट’, ‘लोकर’ लिहून काम भागवायचे, असा अनेकांचा समज आहे. मूळ खेळात मात्र पाचही मालांचे प्रत्येकी १९, म्हणजे एकूण ९५ पत्ते असतात आणि ही मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. फासा पडल्यावर एखादा माल सर्वांना पुरेल इतका नसेल, तर तो त्या वेळी कोणालाच मिळत नाही. एकच खेळाडू हक्कदार असेल, तर उरलेले पत्ते त्याला मिळतात. पट वाढवून साठा तेवढाच ठेवला, की हा एरवी क्वचित लागणारा नियम वरचेवर लागू लागतो. पाच-सहा खेळाडूंच्या अधिकृत विस्तारात पट ३० तुकड्यांचा झाला, तेव्हा प्रत्येक मालाचे पाच पत्तेही वाढवले गेले. हौशी रचनाकार नेमके हेच विसरतात.

कोणतीही पुरवणी कोणत्याही पुरवणीशी जुळते, हेही खरे नाही. ‘सिटीज अँड नाइट्स’ या अधिकृत पुरवणीत डेव्हलपमेंट कार्डे बाद होतात, त्यांच्यासोबत सर्वांत मोठ्या सैन्याचा मानही जातो आणि विजयासाठी तेरा गुण लागतात. साहजिकच, डेव्हलपमेंट कार्डांपैकी शिपाई-कार्डांवर उभारलेली हौशी पुरवणी तिच्याबरोबर खेळताच येत नाही.

कायद्याबाबत दोन टोकांचे समज आढळतात : असे काही करणे बेकायदा आहे, किंवा फुकट वाटले तर काहीही चालते. खेळण्याच्या पद्धतीवर कॉपीराइट नसतो. पुस्तिकेचा मजकूर आणि चित्रे यांच्यावर असतो, आणि नावाला ट्रेडमार्कचे संरक्षण असते. फुकट वाटल्याने ते हक्क संपत नाहीत. म्हणून नियम स्वतःच्या शब्दांत लिहावेत, चित्रे स्वतः काढावीत आणि पत्रकाच्या माथ्यावर ही पुरवणी कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते नोंदवावे.