तीन धाग्यांवर श्रीमंत झालेलं गाव

स्पेनच्या मधोमध, ला मांचाच्या सपाट माळावर कॉन्सुएग्रा वसलंय. वस्ती जेमतेम १० हजारांची, पण गोष्टी ऐकाल तर थक्क व्हाल!

टेकडीवरच्या बारा जणी: कालदेरिको टेकडीवर १२ पांढऱ्याशुभ्र पवनचक्क्या ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीला नाव आहे आणि बरीचशी नावं ‘डॉन किहोते’ या कादंबरीतली. एक नायकाचा सेवक सांचो, एक त्याचं गाढव रुथियो, तर एक लाकडी घोडा क्लाविलेन्यो!

वाऱ्याकडे तोंड: चक्कीच्या माथ्याजवळ छोट्या खिडक्या असतात. वारा कुठल्या खिडकीतून येतो ते पाहायचं आणि बाहेरच्या लांब दांड्यानं अख्खं छप्पर पात्यांसकट तिकडे वळवायचं. मग दळण सुरू.

किल्ल्याखालची लढाई: चक्क्यांच्या शेजारीच किल्ला आहे. स्पेनचा गाजलेला वीर एल सिद याचा एकुलता एक मुलगा दिएगो १५ ऑगस्ट १०९७ रोजी इथल्याच लढाईत पडला. आजही दर ऑगस्टमध्ये गावकरी मध्ययुगीन पोशाख चढवून ती लढाई जिवंत करतात.

नदीचे दोन चेहरे: आमार्गियो नदीवर रोमनांनी ६०० मीटरहून लांब बंधारा घातला, त्याचे अवशेष अजून दिसतात. एरवी रोडावलेली हीच नदी ११ सप्टेंबर १८९१च्या रात्री गावात घुसली आणि ३५९ जीव गेले.

जांभळा ‘गुलाब’: केशराच्या फुलाला इथे ‘रोसा’, म्हणजे गुलाबच म्हणतात. ऑक्टोबरअखेर ऊन चढायच्या आत फुलं खुडायची, त्याच दिवशी प्रत्येकातले तीन लाल धागे बोटांनी काढायचे आणि मंद आचेवर सुकवायचे. किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात! म्हणूनच ते पेटीत जपून ठेवायचं आणि अडीनडीला विकायचं, ही इथल्या घरांची जुनी बचत.

ओळखीचा शब्द: केशराला स्पॅनिशमध्ये ‘आथाफ्रान’ म्हणतात. आपल्या ‘जाफरानी’चं आणि त्याचं मूळ एकच, अरबी ‘झाफरान’.

बोटांची शर्यत: १९६३पासून ऑक्टोबरअखेर इथे केशर-महोत्सव भरतो. धागे काढण्याच्या कामाला ‘मोंदा’ म्हणतात, त्याचीच स्पर्धा लागते. आजीच्या वयाच्या बायकांची बोटं अशी झरझर चालतात की बघतच राहावं! तिकडे टेकडीवर सांचो चक्कीची पाती फिरू लागतात आणि जात्यातून पुन्हा ताजं गव्हाचं पीठ पडतं.