बियाण्याच्या पाकिटात दडलेले धोरण

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या वावरात पऱ्हाटी फुलावर आली की एखादे फूल उमलतच नाही. पाकळ्या गुंडाळलेल्याच राहतात. ही डोमकळी. ती उकलली तर आत गुलाबी बोंडअळी सापडते. जिच्यापासून संरक्षण मिळावे म्हणून शेतकरी दरवर्षी बीटीचे पाकीट विकत घेतो, तीच ही अळी.

26 मार्च 2002 रोजी केंद्राने बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे विष झाडातच तयार करणारे जनुक घातलेल्या कापसाला, मान्यता दिली. 2006 मध्ये दोन जनुकांचे बोलगार्ड-2 आले. कंपन्यांनी जनुक घातले ते संकरित वाणांत. संकरिताचे घरचे बी पुढच्या वर्षी तसे उगवत नाही, त्यामुळे शेतकरी दरसाल दुकानात येतोच. चीनने हेच तंत्र सरळ वाणांतही, म्हणजे घरचे बी पुन्हा पेरता येते अशा वाणांतही, वापरले. आपल्याकडे धोरणाने तो आग्रह धरला नाही आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

संकरित झाडाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाच्या बीटीत साधारण चौथा हिस्सा सरक्यांत ते जनुकच नसते. मिश्र सरकी खात अळी विषाला सरावते. त्यात हे वाण लांब मुदतीचे. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभेच ठेवले, की अळीला जानेवारीनंतरही खायला मिळते. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम नॉन-बीटी बी दिले जाई, अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये म्हणून ते कडेला पेरायचे होते. मोजक्या एकरांतले काही ओळी साध्या कापसाला सोडणे कोरडवाहू शेतकऱ्याला परवडणार तरी कसे? 2010 मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीची बीटीविरुद्धची प्रतिकारशक्ती जाहीर झाली. 2017 मध्ये विदर्भात या अळीने हाहाकार माजवला.

बीटी पेरूनही फवारणी सुटली नव्हती. त्याच 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात पोचली. अनेक जण दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर होते. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा. तुषार तोंडावर येणारच. रक्तातील कोलिनेस्टरेजच्या चाचणीने अशी विषबाधा ओळखता येते. तिची सोय मात्र जिल्ह्यात नव्हती. बियाण्याला मान्यता देणाऱ्यांनी फवारणाऱ्या माणसाचा विचारच केला नाही, आणि याची मला आजही चीड येते.

संशोधनाची वाटही संकरिताच्या या निवडीने वळवली. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी सरळ वाणातला 'बिकानेरी नर्मा बीटी' तयार केला, त्याला 2008 मध्ये मान्यताही मिळाली. बियाण्यात कंपनीच्या जनुकाची भेसळ निघाली आणि 2009 मध्ये तो मागे घ्यावा लागला. चूक गंभीर होती; पण तिच्यामुळे घरचे बी राखता येईल अशा बीटीची वाट कित्येक वर्षे अडून राहिली.

पर्याय आहेत: केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे 'सुरज', अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे 'एकेएच 081' हे आटोपशीर झाडांचे सरळ वाण. दाट पेरले की बोंडे लवकर आणि जवळपास एकाच वेळी फुटतात, कापूस वेचून वावर मोकळे होते. हलक्या, कोरडवाहू जमिनीला असाच वाण हवा. आर्णीच्या कृषी केंद्रात मात्र शेतकऱ्यासमोर पाकिटे येतात ती बहुतेक संकरित बीटीचीच.